घरावरचा तिरंगा आणि शेजारच्या काकांची देशभक्ती

प्रश्न : मी देवगड तालुक्यातील खाडीकाठच्या एका वाडीत राहते. प्राथमिक शाळेत शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. ‘हर घर तिरंगा’ मोहीम सुरू झाल्यापासून आमच्याकडे ऑगस्टमध्ये जवळजवळ प्रत्येक घरावर ध्वज लागतो आणि बऱ्याच घरांवर तो गणपती होऊन गेले तरी तसाच राहतो. यंदा एका घरावरच्या ध्वजाची हिरवी पट्टी वाऱ्याने पार उडून गेली, तर एका घरचा गेल्या वर्षीचा ध्वज मांगरातल्या (घराजवळच्या खोपटातल्या) लाकडांवर पसरलेला मी पाहिला. याबद्दल कोणी काही बोलले नाही. मात्र शेजारच्या काकांनी ध्वज लावला नाही म्हणून वाडीच्या व्हॉट्सॲप गटात त्यांना देशद्रोही म्हणण्यापर्यंत मजल गेली. काका सत्तरीच्या पुढचे, घरी एकटेच असतात. “मला कौलांवर चढवत नाही आणि लावलेला ध्वज फाटताना मला बघवणार नाही,” एवढेच ते म्हणाले. घरावर ध्वज रात्री आणि पावसात ठेवता येतो का? फाटलेल्या ध्वजाचे काय करावे? आणि ध्वज न लावणे हा गुन्हा आहे का?

उत्तर : बाई, आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण एका एकट्या वृद्ध माणसाला तो आज सोसावा लागत आहे.

घरावर ध्वज न लावणे हा गुन्हा नाही. राष्ट्रध्वज सन्मानाने फडकवणे हा नागरिकाच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने उद्योगपती नवीन जिंदाल यांच्या खटल्यात २३ जानेवारी २००४ रोजी सांगितले. त्याआधी २६ जानेवारी २००२ पासून लागू झालेल्या ध्वजसंहितेने, म्हणजे राष्ट्रध्वजाच्या वापराच्या सरकारी नियमावलीने, सामान्य माणसाला वर्षभर ध्वज लावण्याची मुभा दिली होती. म्हणजे आपण ज्याविषयी बोलत आहोत तो हक्क आहे, आणि हक्क बजावला नाही म्हणून कोणी दोषी ठरत नाही. राज्यघटनेच्या ५१ क या अनुच्छेदात ध्वजाचा आणि राष्ट्रगीताचा आदर करणे हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून नोंदले आहे. तो आदर छपरावर काठी रोवूनच दाखवावा, असे तेथे कोठेही म्हटलेले नाही. १९८६ मध्ये केरळमधील तीन भावंडांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले होते. धर्मश्रद्धेमुळे ती राष्ट्रगीत म्हणत नसत, पण ते चालू असताना आदराने उभी राहत, आणि त्यांना शाळेतून काढून टाकणे न्यायालयाने चुकीचे ठरवले. तेव्हाही वागण्यातला आदर पाहिला गेला होता.

काकांनी तर कारणही दिले आहे, आणि ते ऐकल्यावर मला वाटते की आपल्या वाडीत ध्वजाचा सर्वांत अधिक विचार त्यांनीच केला असावा. तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी : त्यांनी काहीच कारण दिले नसते, तरीही गटातल्या कोणाला ते मागण्याचा अधिकार नव्हता. आपल्याच किनाऱ्यावर शिरोड्याला १९३० च्या मे महिन्यात मिठाच्या सत्याग्रहासाठी माणसे मिठागरात उतरली, तेव्हा आजचा ध्वज अस्तित्वातही नव्हता. घटना समितीने तो २२ जुलै १९४७ रोजी स्वीकारला. मीठ उचलल्याबद्दल लाठी आणि तुरुंग सोसणाऱ्या त्या माणसांच्या घरांवर काय फडकत होते, हे आज कोणी विचारत नाही.

आता पावसाविषयी. ध्वज पूर्वी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच लावता येत असे. जुलै २०२२ मधील दुरुस्तीनंतर नागरिकाच्या घरावर तो रात्रंदिवस ठेवता येतो. त्याआधी ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने यंत्रावर विणलेल्या आणि पॉलिएस्टरच्या ध्वजांनाही परवानगी मिळाली होती. या सवलतींमुळे ध्वज स्वस्त झाला आणि घरोघर पोहोचला, हे चांगलेच झाले. पण फाटलेला किंवा विस्कटलेला ध्वज लावू नये, हे संहितेतले कलम तसेच आहे, आणि कोकणातल्या ऑगस्टमध्ये ते पाळणे सोपे नाही. आमच्या घरी २०२२ साली चिव्याच्या (बारीक बांबूच्या) काठीवर ध्वज लावला होता. चार दिवस बाहेरगावी राहून परतलो तेव्हा तो ओला होऊन काठीला गुंडाळला गेला होता, मोकळ्या कडेचे धागे कौलाच्या कोपऱ्यात अडकून लोंबत होते आणि पांढऱ्या पट्टीवर शेवाळाचा हिरवट ओघळ उतरला होता. तो मी उतरवला, पण ती चार दिवसांची हेळसांड माझीच होती, आणि तिची खंत अजून आहे.

म्हणून माझे मत असे, की आपल्या भागात ध्वज छपरावर न लावता पडवीच्या खांबाला, हात पोहोचेल अशा उंचीवर, पण पागोळ्यांखाली येणार नाही असा लावावा. आकार लहान घ्यावा. संहितेत ४५० बाय ३०० मिलिमीटरचाही आकार आहे, आणि कोणत्याही आकारात लांबी-रुंदीचे प्रमाण ३:२ असते. केशरी पट्टी वर राहील हे पाहावे, त्याच काठीवर दुसरा कोणताही झेंडा बांधू नये, आणि झड लागली की ध्वज उतरवून, वाळवून, घडी घालून ठेवावा. रात्रभर ठेवता येतो म्हणून ठेवलाच पाहिजे असे नाही. काकांची इच्छा असेल, तर असा ध्वज त्यांनाही कौलांवर न चढता लावता येईल.

फाटलेला ध्वज खासगीत, संपूर्णपणे नष्ट करावा, शक्यतो जाळून किंवा त्याचा मान राहील अशा अन्य रीतीने, असे संहिता सांगते. येथे ‘खासगीत’ या शब्दाला महत्त्व आहे, कारण १९७१ च्या राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंध कायद्याने सार्वजनिक ठिकाणी किंवा लोकांच्या नजरेसमोर ध्वज जाळणे, फाडणे हा गुन्हा ठरवला असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पॉलिएस्टर नीट जळत नाही, वितळून चिकटते आणि धूर करते. त्यामुळे असा ध्वज घडी घालून, स्वच्छ सुती कापडात गुंडाळून परसातल्या चांगल्या जागी पुरणे मला अधिक योग्य वाटते.

राहिला मांगरातल्या लाकडांवरचा ध्वज. वस्तू झाकण्यासाठी ध्वज वापरणे नियमाविरुद्ध आहे, परंतु आपण म्हणता त्या घरच्यांनी ते बहुधा नकळत केले असावे. त्याचे छायाचित्र गटात टाकू नका. संध्याकाळी स्वतः त्यांच्या खळ्यात जा, बसा, आणि लाकडे झाकायला घरातले एखादे जुने प्लॅस्टिक सोबत घेऊन जा.