पुढचं काय असेल?

"मॅडम, मला काही झालेलं नाही. फक्त पुढचं काय असेल, तेवढं सांगा."

माझ्या समुपदेशनाच्या खोलीत, खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्या बोलल्या. चाळिशी ओलांडलेल्या, हिशेबाचं काम करणाऱ्या, बोलणं अगदी मोजकं. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) मांडीवर निळी प्लास्टिकची फाईल, आणि उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर. आधी वाटलं, बसण्याची सवय असेल. थोड्या वेळाने लक्षात आलं की बाई नाडी मोजताहेत. वाक्य मध्येच तुटायचं, ओठ हलायचे, मग वाक्य पुढे सुरू.

फाईल तारखेप्रमाणे लावलेली होती. पाच महिन्यांपूर्वी एका सकाळी कूस बदलताना अख्खी खोली गरगर फिरली. मेंदूतलं काही असेल म्हणून घरच्यांची धावपळ. निघालं ते आतल्या कानातलं: तिथले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून सरकले होते. डॉक्टरांनी डोकं ठरावीक दिशांना वळवून ते जागेवर आणले, दोन खेपांत चक्कर थांबली. त्या धास्तीत केलेल्या रक्ततपासणीत थायरॉइडचा आकडा किंचित वर निघाला. मग छातीत गाठ लागली. सोनोग्राफी, सुई घालून तपासणी, रिपोर्टसाठी नऊ दिवस. गाठ साधी निघाली. शिवाय जिन्यावर पाय घसरून घोटा मुरगळला, हातावर उकळतं पाणी सांडलं, गाडी खांबाला घासली, दाढेचा तुकडा पडला. आणि हे सगळं संपलं असं वाटत असताना रात्री दोन वाजता नवऱ्याच्या छातीत दुखायला लागलं. ईसीजी, रक्ताच्या तपासण्या, पहाटेपर्यंत बाकावर. ॲसिडिटी.

"शुक्लकाष्ठ म्हणतात ना, तसं मागे लागलंय. आणि यातलं एकही मोठं नाही. म्हणजे रडायचीही सोय नाही."

हे शेवटचं वाक्य मी वहीत उतरवून ठेवलं. मोठा आजार झाला की माणसं येतात, विचारपूस करतात, कामातून सूट मिळते. रिपोर्ट चांगला आला की मात्र लोक "थोडक्यात निभावलं" म्हणतात आणि विषय मिटतो. ते नऊ दिवस ज्याने काढले, त्याच्या मनात तो मिटलेला नसतो. भीती खऱ्या आजाराइतकीच खरी होती; फक्त तिच्या शेवटी आजार नव्हता. अशा आठ भीती एकावर एक साचल्या, तर नववीची वाट पाहणं ओघानेच येतं.

माझ्याकडे येणाऱ्या अनेकांचा प्रश्न हाच असतो, शब्द तेवढे वेगळे. एवढं सगळं एकदमच का? हा कशाचा तरी इशारा तर नाही?

पहिल्या भेटीत मी जरा घाई केली, हे कबूल करते. मी त्यांना योगायोगाचं गणित सांगितलं. वाटलं, आकड्यांतल्या बाई आहेत, आकड्यांनी पटेल. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, लंडनवर जर्मनीचे उडते बॉम्ब पडत होते. काही भागांत ते पुन्हा पुन्हा पडले, म्हणून तिथेच नेम धरलाय अशी लोकांची समजूत झाली. क्लार्क नावाच्या एका विमागणितज्ञाने १९४६ मध्ये दक्षिण लंडनच्या नकाशाचे ५७६ सारखे चौकोन पाडून ५३७ बॉम्ब कुठे पडले ते मोजलं. २२९ चौकोनांत एकही नाही, ७ चौकोनांत मात्र चार-चार. नेम न धरता, निव्वळ योगायोगाने पडले तर गणिताने जशी वाटणी यावी, जवळजवळ तशीच ती होती. योगायोग समान अंतर राखून येत नाही. तो गुच्छांनी येतो.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बरोबर आहे. पण मॅडम, मी त्या चार बॉम्बवाल्या चौकोनात राहते ना."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाचवा तिथेच पडण्याची शक्यता इतर चौकोनांपेक्षा जास्त नसते, हे मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. बोटं मनगटावरून हलली नाहीत.

दुसरा एक आकडा मात्र त्यांना लागू पडला. प्रयोगशाळेच्या कागदावर 'सामान्य' म्हणून जी मर्यादा छापलेली असते, ती बहुतेक तपासण्यांत निरोगी माणसांपैकी मधले ९५ टक्के सामावतील अशी आखलेली असते. म्हणजे कसलाही आजार नसलेल्या शंभरांतले पाच जण प्रत्येक तपासणीत मर्यादेबाहेर जाणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एकदम केल्या, तर निदान एक तरी आकडा बाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के होते. त्यांनी फोन काढून स्वतः गुणाकार करून पाहिला. ०.९५ वीस वेळा. "खरंच की," म्हणाल्या. थायरॉइडचा आकडा दुर्लक्ष करावा असा नव्हताच, डॉक्टरांनी दोन महिन्यांनी पुन्हा बघू म्हटलं होतं. पण मर्यादेबाहेरच्या आकड्याला ठळक अक्षरं असली म्हणून त्याचा अर्थ आजार असा होत नाही, हे त्यांना पहिल्यांदा जाणवलं.

दुसऱ्या भेटीत मी गणित बाजूला ठेवलं आणि फाईल मागितली. टेबलावर कागद पसरले. प्रत्येक कागद हातात घेऊन एकच प्रश्न विचारायचा: हे संपलंय की चालू आहे? चक्कर? संपली. गाठ? त्या थांबल्या. डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? वर्षाने नेहमीची तपासणी, मधे काही नाही. मग संपलेलं. घोटा, भाजलेला हात, गाडी, दाढ, नवऱ्याची छाती... एकेक कागद डाव्या ढिगात जात राहिला. उजवीकडे एकच उरला, थायरॉइडचा. त्या बराच वेळ त्या एका कागदाकडे बघत राहिल्या. डोक्यात मात्र आठही प्रकरणं उघडी होती.

याच पसाऱ्यात मला माझी चूक सापडली. तारखा शेजारी-शेजारी आल्या आणि दिसलं की जिना, उकळतं पाणी आणि गाडी, तिन्ही त्या नऊ दिवसांतली होती. "तेव्हा झोप किती लागत होती?" "झोप? दोन-अडीच तास. तेही मधे उठून हात लावून बघायचे, गाठ वाढली का." दाढेच्या कागदावर दंतवैद्यांनी लिहिलं होतं, दात झिजलेत, रात्री दात खाता का? त्या खात होत्या. नवऱ्याला आवाज येत होता.

म्हणजे मी ज्याला निव्वळ योगायोग म्हणून मोकळी झाले होते, त्यातला अर्धाअधिक योगायोग नव्हता. चक्कर आणि गाठ, हे नशीब म्हणा हवं तर. पण पुढचे तीन-चार अपघात एका न झोपलेल्या, लक्ष दुसरीकडे असलेल्या बाईला झाले होते. झोप कमी झाली की लक्ष आणि हालचालींचा अंदाज दोन्ही ढासळतात. जिना तोच असतो, पाय चुकतो. "म्हणजे चूक माझीच," त्या लगेच म्हणाल्या. नाही. कॅन्सरच्या रिपोर्टची वाट बघताना कुणालाही झोप लागत नाही. पण साखळी दिसली की कडी सापडते. नशिबाला हात घालता येत नाही, झोपेला घालता येतो.

आम्ही कामाला लागलो ते तिथून. त्या मनगटापासून. घरी रक्तदाबाचं यंत्र आणलेलं होतं, दिवसाला दहा-अकरा वेळा मोजत. पहिला आकडा जास्त आला की घाबरून लगेच दुसरा, तो आणखी जास्त. भीतीनेच दाब वाढतो, आणि त्या भीतीच मोजत होत्या. त्यांच्या डॉक्टरांशी बोलून ठरवलं: सकाळी एकदा, पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसल्यावर, मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजायचं, सरासरी लिहायची आणि यंत्र कपाटात. पहिला आठवडा वाईट गेला. "हात शिवशिवतात हो," असं त्यांनी निरोपात लिहिलं. शिवशिवणारच. मोजून मिळणारा दिलासा अर्धा तास टिकतो आणि पुढच्या मोजणीची गरज मागे ठेवून जातो.

नवऱ्यालाही एका भेटीला बोलावलं. भला माणूस, पण बिचारा थकलेला. दिवसातून पाच-सहा वेळा "मला काही होणार नाही ना?" आणि तितक्याच वेळा "काही होत नाही गं." हा दिलासासुद्धा यंत्रासारखाच चालतो. त्यांना दुसरं वाक्य दिलं: "तू घाबरलीयस ते दिसतंय. मी इथे आहे. उत्तर मी देणार नाही." पहिल्यांदा ऐकल्यावर बाई चिडल्या होत्या, असं त्यांनीच नंतर सांगितलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

काळजीला संध्याकाळी साडेसहाची वीस मिनिटं नेमून दिली. दिवसभरात जे मनात येईल ते चिठ्ठीवर एका ओळीत लिहायचं आणि साडेसहाला उघडायचं. झोपण्याआधी नाही, हे महत्त्वाचं. बऱ्याच चिठ्ठ्या संध्याकाळपर्यंत शिळ्या होतात. एकीवर नुसतं 'डावा अंगठा' लिहिलेलं होतं. त्याला काय झालं होतं, ते त्यांनाही आठवेना.

एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगते, त्यांनाही सांगितली. घाबरट शिक्का बसला म्हणून खऱ्या लक्षणाकडे पाठ फिरवायची नाही. छातीवर दाब, घाम, हातात किंवा जबड्यात सरकणारी कळ. चेहरा वाकडा होणं, बोलणं अडखळणं, एका बाजूची ताकद जाणं. अचानक दम लागणं. इथे चिठ्ठी नाही, साडेसहाची वाट नाही, थेट इस्पितळ. ही यादी डॉक्टरांकडून घेऊन त्यांनी फ्रिजवर लावली. यादीत नसलेलं आणि न वाढणारं काही असेल, तर दोन आठवडे थांबून मग नेहमीच्या डॉक्टरांना दाखवायचं, एकाच डॉक्टरांना. त्या रात्री दोन वाजता नवऱ्याला घेऊन त्या इस्पितळात गेल्या, त्याला मी काहीच म्हणणार नाही. पण चौथ्या तज्ज्ञाकडे तोच रिपोर्ट घेऊन जाणं वेगळं.

सहाव्या आठवड्यात मुलाचा खेळताना हात मोडला. मला वाटलं, संपलं, आता सगळं मुळापासून. त्या आल्या त्या दमलेल्या, पण बोटं मनगटावर नव्हती. मुलाच्या प्लास्टरवर कुणी काय चित्र काढलं ते सांगत होत्या. मग म्हणाल्या, "त्या रात्री चार वेळा मोजला रक्तदाब. लिहून ठेवलंय, लपवत नाही." आम्ही त्या चार आकड्यांकडे पाहिलं. चौथा सगळ्यात जास्त होता. त्या हसल्या.

थायरॉइडची दुसरी तपासणी झाली, आकडा मर्यादेत आला. तो कागदही डावीकडे गेला. आता फाईलचं काय करायचं, असं मी विचारलं. टाकून द्या असं मी कधी सांगत नाही. जुने रिपोर्ट डॉक्टरांना लागतात.

"माळ्यावर ठेवली," त्या म्हणाल्या. "अगदी मागे, गाद्यांच्या पलीकडे." मग पर्स उचलत, दाराशी, "स्टूल मात्र अजून तिथेच आहे हं, खालीच."