कोम्बुचाच्या सेटअपसाठी होज कनेक्टर: कॅमलॉक की टीसी?

कोम्बुचा, म्हणजे आंबवलेला गोड चहा, बनवायला 30 लिटरचं पातेलं, मॅग्नेटिक पंप, चहा थंड करणारी कॉइल आणि फर्मेंटर (आंबवण्याचं भांडं) जोडायला कॅमलॉक (खटक्याने बसणारे कनेक्टर) घ्यावेत की टीसी (ट्राय-क्लॅम्प, क्लॅम्पने आवळायचे), आणि ते कुठल्या क्रमाने लावावेत, असं तुम्ही विचारलंय. माझं मत सांगतो: उकळत्या चहाच्या बाजूला कॅमलॉक चालतील, पण चहा थंड झाल्यावर पुढे सगळं टीसीच हवं. कॅमलॉकच्या गॅस्केटमागे फट असते आणि तिथे गोड चहा साचतो. गरम बाजूला उकळतं पाणी तिथे पोचतं, थंड बाजूला मात्र बुरशीला आयतं घर मिळतं. टीसीचा क्लॅम्प सोडला की सगळा पृष्ठभाग समोर येतो.

खरेदीआधी आट्यांचं बघा. आपल्याकडचे नळाचे आटे बीएसपी (ब्रिटिश मापाचे) असतात, आयात केलेले पंप आणि व्हॉल्व्ह बरेचदा एनपीटी (अमेरिकन मापाचे). अर्ध्या इंचात दोन्हींना इंचाला 14च आटे, त्यामुळे सुरुवातीला फिरतात आणि बसल्यासारखे वाटतात. पण एकाचा कोन 55 अंश, दुसऱ्याचा 60. मग टेफ्लॉन कितीही गुंडाळा, गरम झालं की थेंब सुटतो. सगळं बीएसपीच ठेवा. पंपाचं तोंड एनपीटी असेल तर एकच ॲडॉप्टर तिथे कायमचा बसवा. पंपाचं डोकं प्लॅस्टिकचं असेल तर पाना जपून वापरा.

इंदूरच्या सियागंजात निपल (होज चढवायचा तुकडा) मागितलं की आधी जीआय (जस्त चढवलेलं लोखंड) किंवा क्रोम चढवलेलं पितळ हातात येतं. कोम्बुचाचा पीएच 2.5 ते 3.5, त्यात जस्त आणि तांबं सुटतं. लोहचुंबकावर विसंबू नका, स्टेनलेससारखं पितळही चिकटत नाही. निपलच्या आत बघा: क्रोम आतपर्यंत पोचत नाही, तिथे पिवळं दिसलं की परत करा. 304 स्टेनलेस स्टील हवं. टीसी फेरूलसाठी (क्लॅम्पमध्ये बसणारं पाइपचं कडं असलेलं टोक) सांवेर रोडच्या बाजूला फार्माचा माल ठेवणाऱ्यांकडे विचारा. 25 आणि 38 एमएम पाइपच्या फेरूलला 50.5 एमएमचा एकच क्लॅम्प लागतो, म्हणून तोच आकार सगळीकडे धरा.

कॅमलॉकमध्ये भांड्यांवर नेहमी नर (बाहेरचे आटे असलेला एफ किंवा आतले आटे असलेला ए) आणि होजच्या दोन्ही टोकांना सी (होजवर चढणारी मादी). असं केलं की कुठलाही होज कुठेही लागतो. सोबत येणारं काळं नायट्राइल गॅस्केट काढून सिलिकॉनचं घाला.

होज फूड-ग्रेड सिलिकॉनचा, आतून 12 एमएम, भिंत 3 ते 4 एमएम. टोक गरम पाण्यात बुडवून निपलवर चढवा. खाचा असलेली साधी क्लिप मऊ सिलिकॉनला कापते, आणि गळतंय म्हणून आवळत गेलात तर आणखी कापते. आतून गुळगुळीत पट्टीची क्लिप घ्या. पहिल्या उकळीनंतर सिलिकॉन थोडं दबतं, तेव्हा एकदा परत आवळा. आल्याचा वास सिलिकॉनमध्ये मुरतो, त्या फ्लेवरचा होज वेगळाच ठेवा.

क्रम असा: पातेल्याचा बॉल व्हॉल्व्ह, आखूड होज, पंप, दुसरा व्हॉल्व्ह, कॉइल, थर्मामीटरचा टी-आकाराचा जोड, फर्मेंटर. पंप पातेल्याच्या खाली हवा, तो स्वतः पाणी ओढत नाही. डोकं चहाने भरून हवा निघाली की मगच बटण दाबा. प्रवाह कमी करायचा तो फक्त पंपापुढच्या व्हॉल्व्हने. मागचा आवळलात तर जवळजवळ उकळता चहा पंपातच वाफ धरतो, पंप खडखडतो आणि धार तुटते. उकळीची शेवटची 10 मिनिटं चहा कॉइलमधून परत पातेल्यात फिरवा, म्हणजे कॉइलही निर्जंतुक होते.

कॉइलच्या थंड पाण्याला बागेतले प्लॅस्टिकचे क्लिक कनेक्टर लावा. ते चहाच्या लाइनला बसतच नाहीत, त्यामुळे घाईतही अदलाबदल होत नाही. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणीच इतकं तापतं की चहा 30 अंशांखाली येत नाही. तेव्हा बादलीत बर्फाचं पाणी करा आणि छोट्या बुडत्या पंपाने तेच कॉइलभोवती फिरवा. केगची (दाबाखाली पेय साठवायच्या पिंपाची) गॅस लाइन या सगळ्यापासून अलग, दाब सोसणाऱ्या होजचीच करा. सिलिकॉन दाबाखाली फुगतं आणि निपलवरून सुटतं.