सायलेन्सरचे बोल्ट: स्टीलचे की साधे?

प्रश्न: गाडी दहा वर्षांची आहे. सायलेन्सरच्या जोडातून फटफट आवाज येतो. दोन बोल्ट गंजून बारीक झालेत, एक काढतानाच तुटला. उद्यमनगरातून स्टेनलेसचे आणून बसवले तर चालतील का? – एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: चालतील, पण स्टेनलेसच्या बोल्टला स्टेनलेसचाच नट कोरडा लावू नका. आटे एकमेकांत चिकटतात आणि पुढच्या वेळी ग्राइंडरच लागतो. आट्यांना अँटी-सीझ (आटे चिकटू नयेत म्हणून लावायची पेस्ट) लावा. मग पाना थोडा हलक्या हाताने, कारण पेस्टमुळे आटे सहज सरकतात आणि तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो.

नटाकडे जास्त लक्ष द्या. नायलॉनची रिंग असलेला नट इथे कुचकामी, रिंग वितळते. तांब्याचा मुलामा दिलेला, पूर्ण धातूचा लॉकनट (आपोआप सैल न होणारा नट) मागा. पांढरा झिंकचा मुलामाही ४२० अंशांच्या आसपास वितळतो, म्हणून मॅनिफोल्डजवळ (इंजिनला जोडलेला, सर्वात तापणारा भाग) त्याचा भरवसा नाही. मागच्या पाइपला ठीक.

दुकानात जुना बोल्ट घेऊनच जा. आठ मिलिमीटरचे आटे बहुधा १.२५ पिचचे (दोन आट्यांमधले अंतर, मिलिमीटरमध्ये) असतात, पण दहा मिलिमीटरमध्ये १.२५ आणि १.५ दोन्ही मिळतात. हाताने चार आटे सहज फिरले नाहीत, तर पिच चुकला. स्टेनलेसऐवजी साधा बोल्ट घेतलात तर डोक्यावर ८.८ (मजबुतीचा दर्जा) कोरलेले बघा.

जोडाला स्प्रिंग असेल तर मात्र कंपनीचाच खांदेवाला बोल्ट (ठरावीक जागेपुढे न आवळला जाणारा) घ्या. साधा बोल्ट आवळला की स्प्रिंग पूर्ण दबते, जोड हलत नाही आणि पाइपला तडा जातो.

जोडातले गॅस्केट (धूर बाहेर न जाऊ देणारी चकती) नवीनच टाका.