खाजेच्या गोळ्यांनी मांजर एवढं पाणी का पितंय?

मांजराच्या खाजेवर गोळ्या सुरू झाल्या की आठवड्याभरात ठरलेला प्रश्न येतो, "डॉक्टर, हिला औषध सोसत नाहीये, बंद करू का?" विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी तोवर औषध बंद करूनही टाकलेलं असतं. नाशिकच्या एका काकूंचं असंच झालं होतं. त्यांची हकीकत सांगते; ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

काकूंची मनी सात वर्षांची, ऑपरेशन झालेली, अंगाने भरलेली, पाच किलो वजनाची. पोटावरचे केस तिने चाटून चाटून साफ केले होते आणि मानेवर हाताला लागतील अशा बारीक खपल्या. आधीच्या डॉक्टरांनी ॲलर्जीचं निदान करून प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दिलं होतं. खाज चार दिवसांत थांबली. मग मनी पाण्याच्या भांड्यापाशीच बसून राहू लागली, लिटर ट्रेमध्ये चिखल होऊ लागला, रात्री दोनला ओट्यावर चढून खायला मागू लागली. काकूंनी गोळ्या थांबवल्या. खाज परत आली.

"मीच तिला विष देत होते का?" असं विचारताना त्यांचा आवाज कापत होता. बोलता बोलता कळलं की यजमानांना दमा होता, वर्षानुवर्षं स्टिरॉइडच्या गोळ्या चालल्या, पुढे साखर वाढली, हाडं ठिसूळ झाली. घरात जे घडलं ते डोळ्यांपुढे असताना "घाबरू नका" म्हणून काय उपयोग? ती भीती खोटी नव्हती. मी त्यांना एवढंच सांगितलं की मांजराचं शरीर या औषधाला कसं वागतं ते आपण नीट बघू, मग ठरवू.

स्टिरॉइडमुळे तहान, लघवी आणि भूक वाढणं हे अपेक्षित आहे. डोस कमी केला की ते ओसरतं. एकंदरीत मांजरं स्टिरॉइड कुत्र्यांपेक्षा बरं सोसतात. त्यांची कमजोर बाजू म्हणजे मधुमेह, त्यातही वजन जास्त असेल तर. म्हणून तहान वाढली म्हणजे किडनी गेली असं धरायचं नाही, आणि "होतं असं" म्हणून सोडूनही द्यायचं नाही. पाणी मोजायचं. सकाळी भांड्यात मोजून ओतायचं, दुसऱ्या सकाळी उरलेलं मोजायचं. दिवसाला किलोमागे 50 मिलिलिटरच्या वर जात असेल, तर तपासणी हवीच. मनीची लघवी तपासली, त्यात साखर नव्हती. रक्तातली साखर मात्र थोडी चढी आली आणि काकूंचा चेहरा पडला. पण दवाखान्याच्या धास्तीनेच मांजराची साखर चढते, त्यामुळे एका आकड्यावरून आम्ही मधुमेह ठरवत नाही. फ्रुक्टोसामीन नावाची तपासणी मागच्या दोन-तीन आठवड्यांचा अंदाज देते. ती व्यवस्थित आली. स्टिरॉइडमुळे झालेला मधुमेह लवकर ध्यानात आला, औषध कमी करत बंद केलं आणि इन्सुलिन वेळेत सुरू झालं, तर काही मांजरं त्यातून पूर्ण बाहेरही येतात, हेही काकूंना सांगून ठेवलं.

गोळ्या एकदम थांबवण्याचा धोका वेगळा. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. दीर्घ काळ चाललेलं औषध अचानक तोडलं तर जनावर मलूल होतं, खाणं सोडतं, उलट्या करतं. काकूंनी थोडेच दिवस दिलं होतं, म्हणून निभावलं. डोस उतरवायचा तो पायरीपायरीने: रोजचा दिवसाआड, मग त्याहून कमी.

याच गप्पांत काकूंनी पर्समधून कागदाची पुडी काढली. आत कात्रीने कापलेली अर्धी गोळी. शेजारच्या बाईंनी सांगितलं होतं, सर्दीची गोळी दे, ॲलर्जीचंच औषध असतं त्यात. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं आम्ही दोघींनी मिळून वाचली. क्लोरफेनिरामिन होतं, हे खरं. सोबत पॅरासिटामॉलही होतं. माणसाचं यकृत पॅरासिटामॉल ज्या मार्गाने निकामी करून बाहेर टाकतं, तो मार्ग मांजरात जवळजवळ नसतोच. त्याचं विष रक्तावर चढतं, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास लागतो. अर्ध्या गोळीनेही मांजर दगावू शकतं. सुदैवाने ती पुडी अजून उघडायची होती. चुकून दिली गेलीच, तर लक्षणांची वाट न बघता पाकीट हातात घेऊन थेट दवाखाना गाठायचा.

नुसतं क्लोरफेनिरामिन किंवा साधं सेटिरिझिन आम्हीही कधीकधी वजनानुसार देतो. त्याने मांजर झोपाळू होतं, क्वचित उलट चिडचिडं होतं. क्लोरफेनिरामिन इतकं कडू की जिभेला लागताच तोंडातून फेस येतो आणि घरच्यांना फिट आल्यासारखं वाटतं. ती चवीची प्रतिक्रिया असते, थोड्या वेळात थांबते. सायक्लोस्पोरिन या ॲलर्जीवरच्या दुसऱ्या औषधाने उलट्या-जुलाब होतात, बहुतेक वेळा सुरुवातीला. ते चालू असताना मात्र कच्चं मटण आणि उंदीर-पक्ष्यांची शिकार बंद, कारण त्यातून येणाऱ्या टोक्सोप्लाझ्मा या परजीवीचा संसर्ग अशा वेळी जिवावर बेतू शकतो.

लांब पल्ल्याच्या स्टिरॉइड इंजेक्शनबद्दल माझं मत स्पष्ट आहे. गोळी गिळवता येत असेल तर ते टाळावं. त्याचा अंमल आठवडेच्या आठवडे राहतो आणि त्रास झाला तर ते मागे घेता येत नाही. काही मांजरांत त्यानंतर हृदयावर ताण येऊन छातीत पाणी झालेलं आहे. ते द्यावंच लागलं तर मांजर गाढ झोपलेलं असताना श्वास मोजा. मिनिटाला 30 च्या आत हवेत. त्यावर जाऊ लागले तर फोन करा, आणि तोंड उघडून धापा टाकू लागलं तर फोनही न करता निघा.

आता मूळ खाजेकडे. पिसवांचं औषध आधीच्या डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, काकूंनी ते आणलंच नव्हतं. "ती उंबरा ओलांडत नाही हो." मी बारीक कंगवा मनीच्या शेपटीच्या बुडाशी फिरवला, निघालेली काळी कणी ओल्या पांढऱ्या कापसावर झटकली. कणीभोवती तांबूस डाग पसरला. पिसवेची विष्ठा म्हणजे पचलेलं रक्त, ते पाण्याने असं सुटतं. जिन्यातल्या भटक्या मांजरांकडून पिसवा घरात येतात आणि ॲलर्जी असलेल्या मांजराला चार चावेही आठवडाभर खाजवायला पुरतात. काकू कापसाकडे बघत म्हणाल्या, "म्हणजे गोळ्या देऊनही चावणं चालूच होतं."

मानेवर सोडायचं पिसवांचं औषध, सेलामेक्टिन, दर महिन्याला ठरवलं. कोश फरशीच्या भेगांत आणि गोधड्यांत टिकून राहतात, म्हणून निदान तीन महिने खंड नको, गोधड्या गरम पाण्यात धुवायच्या. कुत्र्याचं पिसवांचं औषध मांजराला कधीच नाही. त्यातल्या काहींत परमेथ्रिन असतं, त्याने मांजराला झटके येतात.

तिसऱ्या महिन्यापर्यंत मनीच्या पोटावर मऊ केस आले होते, पुन्हा सुरू केलेलं प्रेडनिसोलोन पूर्ण उतरवून झालं होतं आणि पाणी दिवसाला दीडशे मिलिलिटरवर आलं होतं. उरलेल्या गोळ्यांचं काय करू, हा काकूंचा शेवटचा प्रश्न. पाकिटावर मनीचं नाव आणि तारीख लिहून वेगळ्या डब्यात ठेवा, घरातल्या माणसांच्या औषधांत नको. आणि खाज परत आली तर त्या डब्याआधी कंगवा हातात घ्या, असं त्यांना सांगितलं.