आठ वर्षांच्या मुलीला स्वरलिपी वाचायला घरी कशी शिकवावी?

तुमची मुलगी वर्षभर पेटी शिकते आहे, तिच्या शिक्षिका सगळे ऐकवूनच वाजवून घेतात आणि वहीत काही लिहू देत नाहीत. तेव्हा स्वरलिपी, म्हणजे गाणे चिन्हांत लिहिण्याची पद्धत, घरी शिकवावी का आणि सुरुवात स्वरांच्या कोणत्या चिन्हापासून करावी, असे तुम्ही विचारले आहे. शेवटच्या भागाचे उत्तर आधी देते. स्वरांच्या चिन्हांपासून सुरुवात करूच नये. मुलाला आधी मात्रा, म्हणजे तालातले सारख्या अंतराचे ठोके, वाचता आल्या पाहिजेत, समेची म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची फुली कशावर पडते हे कळले पाहिजे, आणि मगच कोमल-तीव्राच्या रेघांकडे वळावे. बहुतेक क्लासमध्ये याच्या नेमके उलटे चालते. पहिल्याच दिवशी फळ्यावर सात स्वर येतात, त्यांच्या खाली-वर रेघा आणि टिंबे येतात, आणि तालाची चिन्हे मात्र प्रारंभिकची, म्हणजे संगीताची पहिली परीक्षा तोंडावर आली की पाठ करून घेतली जातात. हे चुकीचे आहे असे मी ठामपणे म्हणते, कारण त्याचे नुकसान मी स्वतः सोसले आहे.

१९७९ साली मी अकरा वर्षांची होते आणि दादाबरोबर मिरजेत एका बाईंकडे गाणे शिकायला जात होते. बाईंचा लिहिण्याला सक्त विरोध होता. कोणाची वही उघडी दिसली की ती मिटून त्या आपल्या मांडीखाली ठेवीत आणि शिकवणी संपल्यावरच परत देत. ज्या मिरजेत विष्णु दिगंबर पलुस्कर बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि पुढे १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून स्वरलिपीची पुस्तके छापली, त्याच गावात वहीला अशी बंदी असावी याचे मला मोठी झाल्यावर फार वाईट वाटले. त्या वयात मात्र मला एवढेच कळत होते की बाई आम्हा मुलांसाठी स्वतः बंदिशी रचतात, त्या चार ओळींच्या आणि आमच्या तोंडी सहज बसतील अशा शब्दांच्या असतात, आणि त्या दुसऱ्या कोणाकडेच नाहीत. म्हणून रात्री घरी आल्यावर मी गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर त्या उतरवून ठेवू लागले. कसे लिहायचे हे कोणी शिकवलेले नव्हते. त्यामुळे जे ओळखता येत होते तेवढेच, म्हणजे एकापुढे एक स्वर आणि त्यांच्याखाली शब्द, असे लिहीत गेले. बाई १९८६ साली गेल्या. त्यांच्या गाण्याचे एकही ध्वनिमुद्रण नाही.

ती वही २०११ साली आईचे घर आवरताना ट्रंकेच्या तळाशी सापडली. त्यात सात बंदिशी आहेत. पहिली दुर्गा रागातली आहे आणि तिची पहिली ओळ माझ्या अक्षरात स्वच्छ लिहिलेली आहे : म रे म प ध म रे सा. मी त्याच संध्याकाळी दादाला फोन करून ती म्हणून दाखवली, आणि तो तालाच्या पहिल्याच फेरीत मला थांबवून म्हणाला की सम चुकते आहे. त्याच्या आठवणीप्रमाणे बंदिश तीनतालात, म्हणजे सोळा मात्रांच्या तालात, तेराव्या मात्रेपासून उठते आणि सम धैवतावर येते. माझ्या आठवणीप्रमाणे ती बाराव्या मात्रेपासून उठते आणि सम त्याच्या पुढच्या मध्यमावर येते. दुर्गाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, कोणी धैवत मानतात, कोणी मध्यम, त्यामुळे शास्त्राचा आधार दोघांनाही सापडतो. आम्ही दोघेही एकाच खोलीत, एकाच सतरंजीवर बसून ती बंदिश शिकलो आणि दोघेही आपापल्या आठवणीची शपथ घ्यायला तयार आहोत. ती बंदिश बाईंची कशी होती हे आता कळण्याचा काही मार्ग उरलेला नाही. माझ्या वहीत त्या आठ स्वरांखाली एक फुली असती तर हा प्रश्न उद्भवलाच नसता. पुढच्या सहा बंदिशींची स्थिती याहून वाईट आहे, कारण त्यांत कोणता स्वर किती मात्रा धरला आहे हेच कळत नाही.

दादा अजूनही म्हणतो की मुलांना कागद दिला की त्यांचे कान बंद होतात, आणि दर दिवाळीला आमचे या विषयावर बोलणे होते. त्याचे म्हणणे मला मान्य नाही. गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांमधून मेस्त्रींनी, म्हणजे तिथल्या संगीतशिक्षकांनी, पिढ्यान्पिढ्या मुलांना वाद्य हाती देण्याआधी स्वर वाचायला शिकवले. त्यातूनच पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात वाद्यवृंदाची बाजू सांभाळणारे वादक आणि संयोजक तयार झाले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस अशाच एका मेस्त्रींचे चिरंजीव होते, आणि त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेल्या, लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलाल यांच्या कानाबद्दल कोणी शंका घेणार नाही. आपल्याकडे विष्णु नारायण भातखंडे यांनी उस्तादांकडून बंदिशी मिळवून स्वरलिपीत उतरवल्या आणि क्रमिक पुस्तक मालिकेच्या सहा भागांत हजाराहून अधिक बंदिशी सर्वांसाठी खुल्या केल्या. ते काम झाले नसते तर त्यातल्या कितीतरी बंदिशी आमच्या बाईंच्या बंदिशींच्याच वाटेने गेल्या असत्या. वाचण्याने कान बंद होत नाहीत. ऐकू न देता वाचायला लावले तर ते बंद होतात, आणि तो दोष शिकवणाऱ्याचा असतो.

आता घरी काय करावे ते सांगते. मुलीला तीनतालाचा ठेका हातावर टाळी आणि काल (टाळी न देण्याची जागा) दाखवत न अडखळता म्हणता येत असेल तर तिचे हे शिकण्याचे वय झाले, मग ती सहा वर्षांची असो की दहा. येत नसेल तर आधी महिनाभर तेवढेच करावे. त्यानंतर पहिली-दुसरीची मुले गणिताला वापरतात ती चौकटींची वही घ्यावी. एका ओळीत सोळा चौकटी मोजून दर चार चौकटींनंतर उभी रेघ ओढावी आणि खाली पहिल्या चौकटीला फुली, पाचवीला २, नववीला शून्य, तेरावीला ३ अशा खुणा तिच्याच हाताने करवून घ्याव्यात. स्वर अजून लिहू नयेत. मी माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांना मूठभर चिंचोके देते. एका मात्रेत एक स्वर असेल तर चौकटीत एक चिंचोका, दोन असतील तर दोन, आणि आधीचा स्वर लांबला असेल तर चौकट रिकामी. मी पेटीवर एखादा सोपा पलटा, म्हणजे सरावाचा स्वरसमूह, वाजवते आणि मुले चिंचोके मांडतात. गेल्या वर्षी सात वर्षांच्या एका मुलाने दोन चिंचोके एका चौकटीत ठेवले, मग बोटाने त्यांच्याखाली एक अर्धगोल काढला आणि हे दोघे एका घरात राहतात असे मला सांगितले. एका मात्रेतल्या स्वरांखाली भातखंडे पद्धतीत जो कंस काढतात, तो त्याला त्या दिवसानंतर शिकवावा लागला नाही. रिकाम्या चौकटीत आडवी रेघ येते आणि गाण्याचे अक्षर लांबले तर शब्दांच्या ओळीत अवग्रह (ऽ) येतो, हेही याच रीतीने आपोआप उमगते.

इथवर आल्यावर स्वरांची चिन्हे एका आठवड्यात होतात. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकाला खाली टिंब आणि तार म्हणजे वरच्या सप्तकाला वर टिंब, एवढेच ते आहे. फक्त एक सांभाळावे. घरात कोणाचे पलुस्कर पद्धतीचे जुने पुस्तक असेल तर ते सध्या दूर ठेवावे, कारण त्यात वरचे टिंब मंद्राचे असते आणि मूल नेमके उलट्या सप्तकात जाते. वाचायला पहिल्यांदा नवे गाणे देऊ नये. जे तिला आधीच वाजवता येते ते तिलाच लिहायला सांगावे, दोन दिवसांनी तिचेच लिहिलेले तिला वाचून वाजवायला लावावे, आणि चुकलेली चौकट तिलाच शोधू द्यावी.

पेटीच्या पट्ट्यांवर सा-रे-ग लिहिलेले कागद चिकटवले असतील तर ते आजच काढावेत. आज तिचा सा काळी चारवर असेल आणि उद्या कोणाच्या साथीला बसताना तो पांढरी एकवर न्यावा लागेल. सा हा पट्टीला चिकटलेला नसतो, हे मुलाला जितक्या लवकर कळेल तितके बरे.

तुमच्या मुलीच्या शिक्षिकांबद्दल एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. पहिले वर्षभर त्यांनी ऐकवून शिकवले यात त्यांचे काही चुकलेले नाही. मींड म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, आंदोलन म्हणजे स्वर हलकेच झुलवणे, दरबारी रागातला कोमल गंधार हे कोणत्याही चिन्हात मावत नाही आणि ते समोर बसूनच घ्यावे लागते. त्यामुळे मी लिहिले आहे ते दाखवून त्यांच्याशी वाद घालू नये. तसेच मुलगी पेटीऐवजी कीबोर्ड शिकत असेल आणि पाश्चात्त्य पद्धतीच्या परीक्षांना बसणार असेल, तर पाच रेघांची लिपी वेगळी आहे. तिच्यात स्वराची जागा रेघेवरून आणि लांबी चिन्हाच्या आकारावरून कळते, आणि ती त्या विषयाच्या शिक्षकांकडूनच शिकावी. मात्रा आधी, हे मात्र मी तिथेही सांगेन.

शिक्षिकांना फक्त एवढी विनंती करावी की शिकवणी संपल्यावर पाच मिनिटे मुलीला वही उघडू द्यावी. त्या पाच मिनिटांत मुलीने त्या दिवशी शिकलेल्या बंदिशीची पहिली ओळ लिहावी, वर तारीख घालावी, आणि समेची फुली योग्य स्वराखाली पडली आहे की नाही हे तिथेच, शिक्षिकांना ती ओळ पुन्हा म्हणायला लावून, तपासून घ्यावे.