हरकतीची पोच

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र कालच मिळालं. ग्रामपंचायतीत रुजू होऊन महिना झाला तरी दप्तर पूर्ण हाती आलं नाही, आणि जो तो म्हणतोय, "मॅडम, चार्ज लिस्टवर सही करून टाका, मागचं मागं बघू." सही करू नकोस. जे प्रत्यक्ष तुझ्या टेबलावर आलं त्याचीच यादी कर. नमुना (ग्रामपंचायतीची ठरावीक नोंदवही) कोणता, कितव्या पानापर्यंत लिहिलाय, शेवटची नोंद कोणत्या तारखेची, सगळं लिही. जे मिळालं नाही त्याची वेगळी यादी करून गटविकास अधिकाऱ्यांच्या आवकमध्ये दे आणि पोच घे. तेहेतीस नमुने एका दमात सापडणार नाहीत. आधी रोकडवही, घरपट्टीचा नमुना ८ आणि प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेच्या ठरावांची वही, शोध.

पोच हा शब्द या पत्रात पुन्हा पुन्हा येईल. तो मी फार उशिरा शिकले, आणि त्याची किंमत दुसऱ्या कुणीतरी मोजली.

राज्य निवडणूक आयोग १९९४ मध्ये स्थापन झाला, त्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. मी तेव्हा बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावात ग्रामसेविका होते. प्रभागनिहाय मतदार यादीचा मसुदा आला, मी तो चावडीच्या भिंतीला खळ लावून चिकटवला आणि माझं काम झालं असं समजले. तिसऱ्या दिवशी तांड्यावरची एक बाई आली. कडेवर पोर, पदराला बांधलेली मतदानाची जुनी चिठ्ठी. म्हणाली, "मॅडम, आमच्या तांड्याची नावं दोन नंबरात गेल्यात. आमी तर तीन नंबरचे." मी पाहिलं, तिचं बरोबर होतं. चाळीसेक नावं पलीकडच्या प्रभागात गेली होती. मी म्हटलं, "मी तहसीलला सांगते, होऊन जाईल." तिनं विचारलं, "कागद द्यायचा का काही?" आणि मी म्हटलं, "काही गरज नाही."

मी तहसीलला सांगितलंही, तोंडी. ज्यांना सांगितलं ते लिपिक दुसऱ्या टेबलावर गेले. हरकतीची मुदत संपली, अंतिम यादी लागली. तांडा तोवर ऊसतोडीला गेला होता. मतदानाच्या आदल्या रात्री हीच माणसं कारखान्यावरून टेम्पोत उभी राहून आली, दिवसाची मजुरी बुडवून. केंद्रावर त्यांना कळलं की ज्या उमेदवारासाठी आलो त्याच्या प्रभागात आपलं नावच नाही. ती जागा सात मतांनी गेली. हरलेला माणूस वकिलाकडे गेला. निकालापासून पंधरा दिवसांत दिवाणी न्यायाधीशांकडे अर्ज करता येतो. वकिलांनी पहिलाच प्रश्न विचारला: "हरकत घेतली होती का? पोच दाखवा." पोच नव्हती. मी "गरज नाही" म्हटलं होतं.

ती बाई मला काही बोलली नाही. पुढच्या वर्षी दाखल्यासाठी आली तेव्हा तिनं अर्जाच्या दोन प्रती आणल्या होत्या, दुसरी शिक्का मारून घ्यायला. तेव्हापासून माझ्याकडे आलेला एकही कागद मी शिक्का न मारता ठेवला नाही.

आता तुझा प्रश्न. तू विचारलंयस, आपल्यावर देखरेख नेमकी कोणाची? निवडणुकीच्या काळात तहसीलदार सांगतात, एरवी बीडीओ, म्हणजे गटविकास अधिकारी, सांगतात, आणि गावात आमदाराचा माणूस सांगतो. तिसऱ्याचं सोडून दे, बाकी दोन समजून घे.

लोकसभा-विधानसभेच्या निवडणुका भारत निवडणूक आयोग घेतो. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंतच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीनं आलेल्या कलम २४३ के आणि २४३ झेडए प्रमाणे. राज्य निवडणूक आयुक्तांना पदावरून काढायचं तर उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला काढण्याचीच रीत पाळावी लागते, इतकं ते पद सरकारपासून सुरक्षित ठेवलंय. पण गावपातळीवर आयोगाचा स्वतःचा एक माणूस नाही. तहसीलदार, नायब तहसीलदार, तलाठी, शिक्षक, तू, सगळे उसने. आयोगाचा हुकूम तू पाळायचा, पण तुझी बदली, पगार आणि गोपनीय अहवाल जिल्हा परिषदेकडे. या ओढाताणीत तुला एकटीला उभं राहावं लागेल. अशा वेळी तोंडी आदेश मानू नकोस. नम्रपणे म्हण, "साहेब, एवढं लेखी द्या." दहातले नऊ चुकीचे आदेश तिथेच विरतात. मी पाहिलंय.

यादीचंही असंच. राज्य आयोगाची स्वतःची मतदार यादी नसते. विधानसभेची यादी घेऊन ती प्रभागांत विभागली जाते. म्हणून हरकतीच्या काळात कोणी आलं की आधी विधानसभेच्या यादीत नाव आहे का ते बघ. तिथेच नसेल तर प्रभाग यादीत कोणी घालू शकत नाही. त्याला बीएलओकडे, म्हणजे मतदान केंद्राच्या यादीचं काम बघणाऱ्याकडे, नाव नोंदवायचा नमुना ६ भरायला पाठव, पुढच्या वेळी तरी उपयोग होईल. तिथे आहे आणि प्रभाग चुकलाय किंवा विभागताना नाव गळलंय, तर ती तुझ्या गावाची आत्ताची लढाई आहे: त्याच दिवशी अर्ज, दोन प्रती, तहसीलचा शिक्का. आपल्याकडे दिवाळीनंतर निम्मं गाव फडावर असतं. यादी भिंतीला लावून भागत नाही. तांड्यावर, वस्तीवर जाऊन मोठ्यानं वाचावी लागते.

देखरेख वरून होते असं आपण म्हणतो. पण वरच्याला काय दिसतं? सुनावणी घेणाऱ्या उपविभागीय अधिकाऱ्यांना, जिल्हाधिकाऱ्यांना, ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ३९ खाली सरपंचाला पदावरून काढू शकणाऱ्या विभागीय आयुक्तांना, स्थानिक निधीच्या लेखापरीक्षकांना, विधिमंडळाच्या पंचायत राज समितीला फक्त कागद दिसतो. समिती येणार म्हटलं की आदल्या रात्री एकाच शाईनं वर्षभराच्या नोंदी लिहिणारे हात मी पाहिलेत. समितीनं तपासलं ते त्या रात्रीचं लिखाण. गाव तिथे कुठेच नव्हतं. म्हणून प्रोसिडिंग सभेतच लिही, आणि दोन ठरावांच्या मध्ये कोऱ्या ओळी सोडू नकोस. "जागा ठेवा, नंतर एक विषय घालू" असं सरपंच प्रेमानंही म्हणतील. ठराव संपला की खाली आडवी रेघ मार, सह्या घे, मगच वही मिट. विरोधात कोणी बोललं असेल तर त्याचं म्हणणं त्याच्या शब्दांत लिही, ते तुझ्या विरुद्ध असलं तरी.

गेली काही वर्षं आपल्या भागानं निवडून आलेल्या माणसांशिवाय काढली, त्याचा मला फार त्रास झाला. मराठवाड्यातल्या जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात निवडणुका लांबल्या. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं चार महिन्यांत निवडणुका उरका म्हणून सांगितलं, नंतर ती मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवून द्यावी लागली. छत्रपती संभाजीनगर महापालिकेची मुदत तर एप्रिल २०२० मध्येच संपली होती, मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. प्रशासकांमध्ये चांगली माणसं होती, काहींनी झपाट्यानं कामं केली. पण स्थायी समितीत उठून "आमच्या आरोग्य केंद्रात सहा महिने डॉक्टर नाही, उत्तर द्या" असं विचारणारा सदस्य नव्हता. प्रशासक स्वतःलाच प्रश्न कसा विचारणार? शिवाय पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे रीतसर निवडून आलेल्या संस्थांनाच मिळायचे. निवडणूक लांबली की नळ योजनेचं, शाळेच्या स्वच्छतागृहाचं काम कसं अडतं, हे लोकांना कोणी समजावून सांगितलं नाही. तू ग्रामसभेत सांग.

आता उन्हाळा येईल. टँकर सुरू झाला की खेपांच्या नोंदवहीत वेळ, लिटर आणि कुठे रिकामा केला ते लिही, आणि रोज दोन बायकांच्या सह्या घे, त्याही वेगवेगळ्या आळीतल्या. जीपीएस गाडी कुठून गेली ते सांगतं, हंडे भरले का ते त्याच बायका सांगतील. लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा फलक दाराबाहेर लाव, आत कपाटाच्या मागे नको. दाखला मागायला आलेल्याला तो किती तारखेला मिळेल हे पोचेवर लिहून दे. सुरुवातीला लोकांना नवल वाटेल, महिन्याभरात ते स्वतःहून मागतील.

आणि एक. तुझ्या गावाची प्रभाग यादी लागली की त्याच दिवशी मला फोन कर. मी पहाटेच्या एसटीनं येते. वस्तीवर यादी वाचायला दोन माणसं लागतात, एक नावं घ्यायला आणि एक खुणा करायला. खुणा मी करीन.

तुझी,
मावशी