अर्थशास्त्राच्या जोडीला स्त्री अभ्यास घ्यावा का?

बीड जिल्ह्यातल्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे, मेजर म्हणजे मुख्य विषय अर्थशास्त्र. आता मायनर, म्हणजे जोडीचा दुय्यम विषय, नक्की करायचा आहे. ते लिहितात: "ती म्हणते स्त्री अभ्यास घेणार. मी म्हणतो भूगोल घे, एमपीएससीला उपयोगी पडेल. बायकांचे प्रश्न शिकून नोकरी कोण देणार? शिवाय असलं शिकलेल्या मुली घरात वाद घालतात, असं नातेवाईक म्हणतात. काय करावं?"

नमस्कार,

आधी नोकरीचं. नुसत्या मायनरवर नोकरी मिळत नाही, आणि हे भूगोलालाही तितकंच लागू आहे. तीन वर्षांची पदवी साधारण 132 क्रेडिटची असते. त्यात मायनरच्या वाट्याला 20च्या आसपास येतात. एका क्रेडिटला 15 तास धरले तर सगळे मिळून 300 तास. एवढ्या शिकवणीवर कोणी नेमणूक देत नाही. नोकरी मिळते ती मेजर, त्यापुढची पदवी आणि हाताने केलेलं काम यांच्यावर. म्हणून मायनर निवडताना तो मेजरला काय देतो, एवढंच बघायचं. अर्थशास्त्राला स्त्री अभ्यास पुष्कळ देतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमच्याच जिल्ह्यातलं घ्या. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात पडते आणि मजुरी टनावर, जोडीची म्हणून निघते. बाई ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून गाडीत भरते, त्याआधी पहाटे उठून भाकरी थापते. मुकादमाच्या वहीत मात्र तिचं वेगळं नाव नाही आणि वेगळा आकडाही नाही. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षात 'कुटुंब' हे एकच एकक धरून मागणी-पुरवठा शिकवतात. त्या एककाच्या आत पैसा कोणाकडे, काम कोणाकडे आणि निर्णय कोणाचा, हे विचारायला स्त्री अभ्यास शिकवतो. हा प्रश्न पक्का अर्थशास्त्राचाच आहे. श्रमबाजारातल्या स्त्रियांवरच्या संशोधनासाठी क्लॉडिया गोल्डिन यांना 2023 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

सरकारी आकडेवारीतही हेच येतं. श्रमशक्ती सर्वेक्षणात, म्हणजे पीएलएफएसमध्ये, फक्त घरकाम करणारी बाई 92 या सांकेतांकाखाली जाते. घरकामासोबत सरपण, वैरण गोळा करणारी किंवा घरच्यासाठी शिवणकाम करणारी 93 खाली. दोघीही श्रमशक्तीबाहेर मोजल्या जातात. दुसरीकडे 2024च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाला 289 मिनिटं त्यात जातात, पुरुषांचे 88. या दोन्ही सर्वेक्षणांचे आकडे शेजारी ठेवून त्यांचा अर्थ सांगता येणारी अर्थशास्त्राची पदवीधर उठून दिसते. केंद्राच्या अर्थसंकल्पातही 2005-06 पासून स्त्रियांसाठीच्या तरतुदींचं वेगळं विवरणपत्र असतं. ते वाचायला येणं हे एक कौशल्य आहे.

आता कॉलेजकडे काय विचारायचं ते. फॉर्म भरण्याआधी मुलीसोबत तुम्हीही एकदा जाऊन या, कारण बहुतेकांची फसगत इथेच होते. कॉलेज 'स्त्री अभ्यास आहे' म्हणतं तेव्हा तो मायनर आहे की ओई, म्हणजे ओपन इलेक्टिव्ह, हे लेखी बघा. ओईचा एखादा पेपर असतो आणि सेमिस्टरनंतर विषय संपतो. मायनर पुढच्या सेमिस्टरांत चालत राहतो. त्याची क्रेडिट वाटणी विद्यापीठागणिक वेगळी आहे, म्हणून स्वतःच्या विद्यापीठाचाच आराखडा मागा आणि शेवटच्या सेमिस्टरपर्यंतच्या पेपरांची यादी त्यात आहे का ते पाहा. मग विचारा, शिकवणार कोण? अनेक ठिकाणी या विषयाला स्वतंत्र शिक्षक नसतो. ज्या शिक्षकांचा वर्कलोड, म्हणजे शिकवण्याचे तास, कमी पडतो, त्यांच्याकडे तो जातो. समाजशास्त्राच्या किंवा राज्यशास्त्राच्या अभ्यासू शिक्षकाने शिकवला तर उत्तमच. पण नाव ठरलेलंच नसेल तर सावध राहा. गेल्या वर्षी किती मुलं होती, हेही विचारा. संख्या कमी पडली की वर्ग बंद होतो, मुलांना दुसऱ्या मायनरमध्ये ढकलतात आणि झालेली क्रेडिट अडकतात. दरवर्षी एबीसी खात्यात, म्हणजे विद्यार्थ्याची क्रेडिट जमा होतात त्या ऑनलाइन खात्यात, क्रेडिट मायनर म्हणूनच चढली आहेत का, हे मुलीने डिजिलॉकरवर तपासावं. चूक त्याच वर्षी दुरुस्त करून घेणं सोपं असतं.

कॉलेजात मायनर नसेल किंवा डळमळीत असेल तर अट्टहास नको. भूगोल किंवा समाजशास्त्र मायनर घ्यावा, ओईमध्ये स्त्री अभ्यास घ्यावा आणि स्वयम् या केंद्र सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरचा एखादा कोर्स करावा. स्वयम्‌ची क्रेडिट पदवीत धरायची असतील तर कॉलेजची मंजुरी आधी घ्या. नंतर दाखवलेलं प्रमाणपत्र बहुधा नुसतं फाइलीत राहतं.

अभ्यासात मुलं कुठे घसरतात? विषय सोपा समजून घेतात आणि उत्तरात भाषण लिहितात. 'स्त्री ही शक्ती आहे' या वाक्याला गुण नाहीत. लिंग (शरीराचं) आणि लिंगभाव (समाजाने घडवलेला) यांतला फरक, श्रमविभागणी, पितृसत्ता, जात आणि लिंगभाव यांचा संबंध, कायद्यातली नेमकी तरतूद, हे उदाहरणासह मांडलं की गुण मिळतात. उदाहरणार्थ, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलचा 2013चा कायदा लिहिताना दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती बंधनकारक आहे आणि तिच्यात एक सदस्य बाहेरचा असतो, हे यायलाच हवं. दुसरी अडचण इंग्रजीची. बरंचसं वाचन इंग्रजीत आहे. पहिल्या महिन्यापासून एका वहीत दोन्ही भाषांतले शब्द समोरासमोर लिहीत जावं. दुसऱ्या वर्षापर्यंत दीड-दोनशे शब्द झाले की वाचन सुटं होतं.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पदवीतला फील्ड प्रोजेक्ट, म्हणजे प्रत्यक्ष लोकांत जाऊन करायचं काम. तो या मायनरशी जोडून घ्यायला सांगा. दोन क्रेडिटचा प्रोजेक्ट साधारण 60 तासांचा होतो. त्यात 20 घरांची वेळ-नोंद, म्हणजे दिवसभरात कोणाचा वेळ कशात गेला याची नोंद, नीट होते. राष्ट्रीय सर्वेक्षणाचीच पद्धत वापरावी: आदल्या दिवशी पहाटे 4 ते आज पहाटे 4, अर्ध्या अर्ध्या तासाचे 48 रकाने, घरातल्या एका बाईचा आणि एका पुरुषाचा वेगळा तक्ता. 'तुम्ही काय करता?' असं विचारलं की उत्तर येतं, "काही नाही, घरीच असते." 'स्वयंपाकाला किती तास?' विचारलं की अंदाज येतो, तोही कमीच. म्हणून घड्याळाऐवजी दिवसातल्या खुणा धराव्यात: नळाला पाणी आलं तेव्हा काय चाललं होतं, डेअरीला दूध गेलं तेव्हा, शाळेची गाडी आली तेव्हा? प्रत्येक रकान्यात मुख्य कामाशेजारी 'सोबतचं काम' अशी जागा ठेवायची. भाकरी टाकताना पोर कडेवर असतं, आणि ही जागा नसली की मूल सांभाळणं नोंदीतून पार गळतं. बाईशी शक्यतो एकटीशी बोलावं, कारण सासू किंवा नवरा शेजारी बसला की तोच उत्तरं देतो. तक्त्यावर नाव न लिहिता फक्त क्रमांक टाकावा. मारहाणीचे प्रश्न या प्रोजेक्टमध्ये विचारू नयेत, त्यासाठी प्रशिक्षण लागतं. कोणी आपणहून सांगितलंच तर 181 हा हेल्पलाइन क्रमांक द्यावा आणि शिक्षकांना कळवावं. शेवटी सगळं एक्सेलमध्ये भरून सरासरी काढली की बायोडेटात 'स्त्री प्रश्नांची आवड' असं लिहायची गरज राहत नाही. '20 घरांची 24 तासांची वेळ-नोंद, तक्ते आणि अहवाल' ही एक ओळ पुरते.

पुढच्या वाटा सांगतो. एम.ए. अर्थशास्त्र हा मुख्य रस्ता खुलाच राहतो. स्त्री अभ्यासातच जायचं झालं तर मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत आणि पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाच्या केंद्रात एम.ए. आहे. मुंबईच्या एसएनडीटीचं संशोधन केंद्र तर 1974 पासूनचं आहे. तुमच्या जवळ, छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात ताराबाई शिंदे स्त्री अभ्यास केंद्र आहे. तिथे एकदा तरी मुलीला घेऊन जा. कामं मिळतात ती माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ), उमेद (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान), सामाजिक संस्था आणि संशोधन प्रकल्पांत: सर्वेक्षण, बचतगटांच्या नोंदी, प्रकल्पाचं मूल्यमापन. यांतल्या पुष्कळ जागा करारावरच्या असतात, प्रकल्प संपला की काम संपतं, हे आधीच माहीत असू द्या. अत्याचारग्रस्त स्त्रियांना मदत करणाऱ्या वन स्टॉप सेंटरसारख्या ठिकाणी समुपदेशकाला सहसा समाजकार्य किंवा मानसशास्त्राची पदवी मागतात, तिथे हा मायनर पुरणार नाही. फक्त स्त्री अभ्यासाच्या प्राध्यापकीवर डोळा ठेवून बसू नये, त्या जागा फार थोड्या आहेत.

स्पर्धा परीक्षांचं म्हणाल तर भूगोलाचा फायदा खरा आहे. पण यूपीएससी मुख्य परीक्षेच्या सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पेपरात 'स्त्रियांची आणि स्त्री संघटनांची भूमिका' हा घटक अभ्यासक्रमात नावानिशी आहे, आणि भूगोल शालेय पुस्तकांपासून घरी करता येतो. वेळ-नोंद घरी बसून शिकता येत नाही.

राहिले नातेवाईक. मुलगी प्रश्न विचारील, हे खरं आहे. शेताच्या उताऱ्यावर आईचं नाव का नाही, असं एखाद्या संध्याकाळी विचारील. त्याला वाद म्हणू नका. तिच्याजवळ बसा आणि उताऱ्यावर काय लिहिलं आहे ते तिच्याकडूनच वाचून घ्या.

सोमवारी कॉलेजात जाल तेव्हा आराखड्याची प्रत, शिकवणाऱ्यांचं नाव आणि गेल्या वर्षीची पटसंख्या, या तीन गोष्टी घेऊनच परत या. तिन्ही समाधानकारक असतील तर तिला स्त्री अभ्यास घेऊ द्या.